उसवण्याआधी : शिवणाबद्दल वाचकांचे प्रश्न

या वेळी आलेल्या पत्रांत एक वाक्य पुन्हा पुन्हा भेटलं : "सगळं उसवलं, परत शिवलं, तरी तसंच." वाचून फार हळहळले. अख्खी दुपार उसवण्यात घालवून संध्याकाळी तीच चूक पुन्हा समोर येते तेव्हा कसं वाटतं, ते मला चांगलं ठाऊक आहे. बहुतेक वेळा आपण चुकीची जागा उसवत असतो. शिवणात दोष दिसतो एकीकडे आणि असतो दुसरीकडेच. म्हणून या वेळी उत्तरं देताना "काय करा" याच्या आधी "कुठे बघा" ते सांगते.

ताई, मशीन नवीन आहे. वरून टीप सुरेख दिसते, पण कापड उलटं केलं की दोऱ्याचे फासच फास. बॉबिनकेसचा (खालच्या दोऱ्याची रिळी, म्हणजे बॉबिन, बसते त्या डबीचा) स्क्रू घट्ट केला, बॉबिन बदललं, काही उपयोग नाही.

स्क्रू आधी पूर्वीच्या जागी आणा. फास खाली दिसतात म्हणून सगळे खालच्या दोऱ्याला दोष देतात, पण तो दोरा वरचा आहे. खात्री हवी असेल तर वर लाल आणि खाली पांढरा दोरा घालून चिंधीवर वीतभर टीप मारा. खाली लाल फास दिसतील.

मशीनची टीप म्हणजे दोन दोऱ्यांनी एकमेकांना मारलेली अढी. अमेरिकेतल्या एलियास हाउ यांनी १८४६ मध्ये ज्या यंत्राचं पेटंट घेतलं, त्यातही हेच होतं : टोकाशी भोक असलेली सुई एक दोरा कापडापलीकडे नेते आणि पलीकडचं शटल दुसरा दोरा त्या फासातून पार करतं. आपल्या मशीनमध्ये मग वरचा दोरा ओढला जातो आणि अढी कापडाच्या दोन थरांच्या मधोमध जाऊन बसते. वरच्या दोऱ्याला ताण नसेल तर तो वर ओढला जात नाही, खालीच लोंबतो.

आता ताण का नाही? माझा अंदाज, तुम्ही फूट, म्हणजे कापड दाबून धरणारा मशीनचा पाय, खाली ठेवून दोरा ओवता. फूट खाली असताना ताणाच्या दोन चकत्या एकमेकींना घट्ट चिकटलेल्या असतात, दोरा त्यांच्यात शिरतच नाही, वरून घसरतो. फूट वर उचला, सगळा दोरा काढा आणि पहिल्यापासून ओवा. मग फूट खाली करून सुईजवळचा दोरा हाताने ओढून बघा. अडखळत यायला हवा. फूट वर केलं की मोकळा यायला हवा. हा फरक बोटांना कळला की पुढे आयुष्यभर पुरतो.

तरी फास राहिले तर सुई बघा. सुईच्या एका बाजूला उभी लांब खाच असते. दोरा त्या बाजूनेच आत जायला हवा. सुई उलटी बसली तर टाके सुटतात, दोरा तुटतो. बॉबिनकेसचा स्क्रू आता हलवलाच आहे, तर तोही तपासून घ्या. बॉबिन घालून केस दोऱ्याला लटकत धरा. आपोआप खाली घसरली तर ताण सैल आहे. मनगटाला हलका झटका दिल्यावर बोटभर खाली येऊन थांबली तर ताण बरोबर आहे. स्क्रू फिरवायचाच असेल तर एका वेळी पाव फेरी, त्याहून जास्त नाही.

कुर्त्याचा गोल गळा अंगाला लागत नाही, समोर तोंड वासल्यासारखा उभा राहतो. कागदावर माप बरोबर होतं. पट्टी दोनदा काढून लावली.

पट्टीची चूक नाही, बाई. गळा पट्टी लागण्याच्या आधीच वाढलेला आहे.

कापडाला तीन स्वभाव असतात. काठाला समांतर जाणारे ताण्याचे धागे, ते जवळजवळ वाढत नाहीत. आडवे बाण्याचे धागे, ते किंचित देतात. आणि तिरपं, म्हणजे उरेब, ते रबरासारखं ताणतं. गोल गळा कापला की त्याच्या दोन्ही बाजूंचा भाग उरेबमध्ये येतो. मग आपण तो तुकडा उचलतो, मशीनवर नेतो, खांदे जोडताना तो मांडीवरून लोंबतो, त्यावर इस्त्री सरकवतो. दर वेळी थोडा थोडा वाढतो. कुर्त्याचा गळा कागदी मापावर ठेवून बघा. अर्धा इंच तरी पुढे आलेला दिसेल.

म्हणून गळा कापल्या कापल्या, टेबलावरून उचलायच्या आधी म्हटलं तरी चालेल, त्याच्या एकेरी थरावर एक साधी टीप मारून ठेवायची. खऱ्या शिवणरेषेच्या किंचित कडेकडे, म्हणजे ती नंतर दिसत नाही. खांद्यापासून सुरू करून समोरच्या मध्यावर थांबायचं, मग दुसऱ्या खांद्यापासून पुन्हा मध्यापर्यंत. एका दमात गोल फिरवली तर कापड एका बाजूला ओढलं जातं. माझ्याकडे शिकायला येणाऱ्या मुली या टिपेला "उगाचची टीप" म्हणतात आणि पहिला गळा वासला की न सांगता मारायला लागतात.

आता तुमचा शिवलेला कुर्ता वाचवू. पट्टी काढा. गळ्याच्या कडेने बारीक धावदोरा घाला, खांद्यापासून खांद्यापर्यंत. कागदी माप खाली ठेवून दोरा हलके ओढा आणि गळा मापाएवढा होईपर्यंत कापड त्यावर सारखं करा. चुण्या पडता कामा नयेत, कापड फक्त गोळा व्हायला हवं. ओला रुमाल ठेवून इस्त्री वरून दाबा, सरकवू नका. वाफ बसली की सुती कापड ते आकसलेपण धरून ठेवतं. मग पट्टी लावा. पट्टी पंचेचाळीस अंशांत कापलेली हवी आणि लावताना पट्टीला किंचित ताण द्यायचा, गळ्याला अजिबात नाही. त्याने गळा आत वळतो. नंतर आतल्या मार्जिनला, म्हणजे टिपेबाहेर उरलेल्या कापडाला, दर अर्ध्या इंचावर टिपेच्या अगदी जवळपर्यंत काप द्या. कातरीची दोन टोकं टिपेपासून सुताभर अलीकडे थांबली पाहिजेत. काप नाहीत तर मार्जिन आत उलटल्यावर पसरू शकत नाही आणि गळा ताठ उभा राहतो.

एक आणखी. पुढचा गळा खोल आणि रुंद, मागचाही खोल, असं तिन्ही एकदम करू नका. खांद्याला धरून ठेवायला काही उरत नाही. मागे खोल हवा असेल तर रुंदी कमी ठेवा.

हात वर केला की सगळा कुर्ता वर चढतो. काखेत तंग वाटतो म्हणून मुंढा (बाही जोडायचा गोल काप) अर्धा इंच खाली कापला, तर आणखीच ओढतो. आता काय?

हा प्रश्न माझ्या फार जवळचा. शिवायला लागले त्याच्या दुसऱ्या वर्षी मी स्वतःसाठी पिवळ्या सुती कापडाचा कुर्ता शिवला होता आणि त्याचा मुंढा तीन वेळा खाली कापला. तिसऱ्यांदा कापल्यावर मला हात खांद्याच्या वर नेता येईना. कापड चांगलं होतं. त्याचं दुःख अजून आहे.

झालं काय होतं, ते हाताने करून बघा. हात खांद्यापासून उचलला जातो, काखेजवळून. शिवण काखेला लागून असेल तर हात उचलताना तेवढीच बाही हलते. शिवण दोन-तीन इंच खाली असेल तर हात उचलला की ती जागा वर ओढली जाते, आणि तिच्याबरोबर बाजूची शिवण, कमर, सगळा कुर्ता. म्हणजे जितका मुंढा खोल, तितकी बाजूची शिवण आखूड. काखेत तंग वाटलं तरी दोष मुंढ्याच्या खोलीत क्वचितच असतो, बाहीच्या आकारात असतो.

बाहीचा वरचा गोल भाग, त्याला मी माथा म्हणते, उंच आणि अरुंद असेल तर बाही हात खाली सोडलेला असताना देखणी दिसते, एकही सुरकुती नाही. पण हात उचलला की अडते. माथा बसका आणि दंडाशी रुंद असेल तर काखेत थोड्या घड्या पडतात, पण हात मोकळा. रोज घालायच्या कपड्याला मी नेहमी दुसरी बाही करते. घरात दिवसभर वर-खाली हात करणाऱ्या बाईला घडीचं काय कौतुक?

पुढच्या वेळी असं बेता. मुंढा काखेपासून जेमतेम एक इंच खाली ठेवा. बाहीचा माथा अर्धा इंच बसका करा आणि तेवढीच बाही दोन्ही बाजूंनी दंडाशी रुंद करा, म्हणजे गोलाईची एकूण लांबी जवळपास तीच राहील. गोलाई मोजताना मेजपट्टी आडवी नको, तिच्या कडेवर उभी धरा. उभी पट्टी रेषेबरोबर हवी तशी वळते, आडवी वळत नाही आणि मोज चुकतो. मुंढा पुढचा-मागचा मिळून सतरा इंच भरला तर सुती कुर्त्याच्या बाहीची गोलाई साडेसतरा असावी. तो जास्तीचा अर्धा इंच माथ्यावर मोठ्या टाक्यांच्या दोन ओळी घालून जिरवायचा, म्हणजे चुण्या न पाडता सामावून घ्यायचा.

बाही लावताना पुढच्या मुंढ्याला एक खूण, मागच्याला दोन, बाहीलाही तशाच. पुढचा मुंढा जास्त खोदलेला असतो. डावी बाही उजवीकडे गेली की दंडावर तिरप्या ओढी पडतात आणि आपण पुन्हा मुंढ्यालाच दोष देतो.

कापून झालेल्या कुर्त्यालाही उपाय आहे. काखेत जिथे चार शिवणी मिळतात तिथे दोन-अडीच इंच उसवा आणि त्याच कापडाचा चार इंची चौकोन बरफीसारखा उभा धरून जोडा. एक कोपरा बाहीच्या शिवणीत, समोरचा बाजूच्या शिवणीत, उरलेले दोन मुंढ्याच्या पुढे-मागे. कोपऱ्यावर आल्यावर सुई कापडात रुतवून ठेवायची, फूट उचलायचं, कापड वळवायचं, फूट खाली. माझ्या पिवळ्या कुर्त्याच्या वेळी हे कुणी सांगितलं असतं तर!

सुती पँट पहिल्या धुण्यातच फिरली. बाजूची शिवण नडगीवर आली. शिवण सरळच होती.

शिवण सरळ होती, कापड सरळ नव्हतं. कारखान्यात कापड ताणून, दाबून गुंडाळतात, त्यात बाण्याचे धागे कधीकधी तिरपे होतात. पाण्यात पडलं की धागे आपल्या जागी परततात आणि पाय पिळतो. शिवून झाल्यावर याला इलाज नाही, हे स्पष्टच सांगते.

पुढच्या वेळी कापड आधी धुवा, ज्या पाण्यात आणि ज्या पद्धतीने पुढे धुणार आहात तसंच. किती आटतं ते कळायचं असेल तर धुण्याआधी कापडावर धाग्याने दहा इंचांचा चौकोन घाला आणि वाळल्यावर मोजा. उभ्यात साडेनऊ भरला तर चाळीस इंचांच्या पँटमध्ये दोन इंच गेले असते. वाळल्यावर कापडाच्या टोकाला काप देऊन बाण्याचा एक धागा ओढून काढा. त्याची जी रेघ उमटते, ती कापडाची खरी आडवी रेषा. त्या रेषेवर कापा. मग दुमडल्यावर कोपरे जुळले नाहीत तर कापड दोघींनी दोन कोपऱ्यांना धरून तिरपं ओढा, आखूड वाटतं त्या दिशेने. कागदावरची उभी रेषा दोन्ही टोकांना काठापासून मोजायची. वर सात इंच तर खालीही सातच. डोळ्यांनी सरळ दिसली तरी मोजायचीच.

दुसरं कारण शिवताना घडतं. मशीनचे दाते खालचा थर पुढे नेतात आणि फूट वरचा थर अडवून धरतं. लांब शिवणीत शेवटी वरचं कापड बोटभर उरतं आणि आपण ते ताणून जुळवतो किंवा कापून टाकतो. तसं करू नका. आधी दोन्ही टोकं आणि मध्य टाचून घ्या, आणि दोनांपैकी जो तुकडा किंचित लांब असेल तो खाली ठेवा. दाते तो स्वतःच जिरवतात.

घरच्या मशीनवर टी-शर्टचं कापड शिवता येतं का? टी-शर्ट डोक्यातून काढताना टीप तटतट तुटते, शिवाय कापडाला बारीक भोकं पडतात.

येतं. भोकं सुईमुळे. विणीच्या कापडाला गोल टोकाची सुई लागते, ती फासे बाजूला सारून जाते. साधी टोकदार सुई फासा तोडते आणि तो उसवत जातो. बहुतेक टी-शर्टना ११/७५ पुरते. त्यातला ७५ हा आकडा म्हणजे सुईची जाडी, पाऊण मिलिमीटर. सुती ब्लाउजला ११, साध्या सुती कुर्त्याला १४/९०, जीन्सला १६/१०० घ्या. साधारण आठ-दहा तास शिवून झालं की सुई बदलावी, मोडायची वाट बघू नये.

टीप तुटते कारण कापड ताणतं, दोरा ताणत नाही. मशीनवर झिगझॅग असेल तर अगदी अरुंद ठेवा, रुंदी अर्धा मिलिमीटर. साधीच मशीन असेल तर पॉलिएस्टर दोरा घ्या, टाका थोडा लहान करा आणि शिवताना कापड फुटाच्या पुढून-मागून हलकं ताणून धरा. खांद्याला मात्र ताणू नका, तिथे सुती फीत घालून शिवा.

शिकायला सुरुवात करते आहे. आधी काय काय घेऊ? ओव्हरलॉक मशीन घ्यावी का?

ओव्हरलॉक आत्ता नको. कडा झाकायच्या असतील तर बंद शिवण शिका : आधी उलट बाजू उलट बाजूला लावून पाव इंचावर टीप, मार्जिन निम्मं कापायचं, कापड फिरवून सुलट बाजू समोरासमोर आणायच्या आणि पुन्हा पाव इंचावर टीप. कच्ची कड आत कायमची बंद. मापात अर्धा इंच मार्जिन धरलं म्हणजे झालं.

पैसे घालायचे तर कातरीत घाला. मूठ वाकडी असलेली, आठ-नऊ इंची, म्हणजे खालचं पातं टेबलावर टेकून सरकतं आणि कापड उचललं जात नाही. तिने कागद कापू नका आणि कुणाला कापू देऊ नका. कागदात खनिजांची पूड मिसळलेली असते, ती पात्याची धार खाते. मी माझ्या कातरीच्या मुठीला लाल दोरा बांधून ठेवला आहे. घरात सगळ्यांना त्याचा अर्थ कळतो. मेजपट्टी घेतली की ती स्टीलच्या पट्टीशी ताडून पाहा, जुन्या पट्ट्या वाढलेल्या असतात. खडू, काचेच्या डोक्याच्या टाचण्या, टाके उसवायचं काटेरी हत्यार, अंगुस्तान.

आणि इस्त्री मशीनच्या शेजारी. प्रत्येक शिवण आधी मिटलेली दाबायची, मग उघडून दाबायची, मगच दुसरी शिवण तिला छेदायची. इस्त्रीवर एक ठिपका म्हणजे सुमारे ११० अंश, दोन म्हणजे १५०, तीन म्हणजे २००. सुती तीनवर, रेशीम आणि पॉलिएस्टर दोनवर, नायलॉन एकवर. विद्यार्थिनीचा कपडा हातात घेतला की इस्त्री करत करत शिवला आहे की शेवटी एकदाच फिरवली आहे, ते मी खांदा बघून सांगते.

मुलीच्या अंब्रेला फ्रॉकची खालची कड चार ठिकाणी लोंबते. दुमडताना तर अगदी सारखी होती.

चार ठिकाणी हे तुम्ही नेमकं पाहिलंत. पूर्ण गोल घेरात उरेब चारच जागी येतो आणि तो स्वतःच्या वजनाने वाढतो. घेर कमरेला जोडून झाला की फ्रॉक एक दिवस, एक रात्र हँगरला टांगून ठेवा. वाढायचं ते वाढू दे. मग मुलीला घालून उभं करा, तिला हलू देऊ नका, तुम्ही जमिनीवर बसा आणि पट्टी जमिनीवर उभी टेकवून सगळीकडे सारख्या उंचीवर खडूची खूण करत फिरा. खुणेखाली दुमडीपुरतं ठेवून बाकी कापून टाका. गोल कड रुंद दुमडली की चुण्या पडतात, म्हणून पाव-पाव इंचाची दुहेरी दुमड पुरे.

कमरेचा गोल काढायचा हिशेबही विचारला आहे : कमर भागिले ६.२८. कमर बावीस असेल तर साडेतीन इंच त्रिज्या. शिवणमार्जिन त्याच्या आत, कमरेकडे धरायचं. आधी थोडा लहानच कापा, उरेब कमर हातातच वाढते.

शर्टाची बटणं सारखी तुटतात. दोरा चांगला वापरते.

बटण कापडाला गच्च शिवता का? मग काजाच्या पट्टीला बटणाखाली जागाच राहत नाही, दर वेळी बटण लावताना दोरा कापला जातो. बटणावर एक काडेपेटीची काडी आडवी ठेवा आणि तिच्यावरून टाके घ्या, दुहेरी दोऱ्याचे चार-पाच पुरेत. काडी काढा, बटण वर ओढा, आणि सुई बटण व कापड यांच्या मध्ये आणून दोऱ्याला चार वेढे द्या. बटणाखाली छोटा देठ तयार होईल. सुई देठातून दोनदा आरपार काढून दोरा तिथेच तोडा. कापड पातळ असेल तर आतून त्याच कापडाची नखाएवढी चकती धरून दोन्हींतून टाके घ्या. आणि काज बटणाची रुंदी अधिक बटणाची जाडी एवढं कापा, नाहीतर बटण रोज घासत बाहेर येईल.